तजेल्याचा तिसरा अर्थ

नारायण पेठ, पुणे
३ जून १९८५

कमर,

वर आधी 'स. न. वि. वि.' लिहिलं होतं, ते खोडलं. अकरा वर्षांनी पत्र पाठवणाऱ्या बाईने मायन्यात विनंती करणं जरा जास्तच झालं असतं. पण मला विनंतीच करायची आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

आपल्या शब्दकोशाचा चौथा खंड, 'त' ते 'ध', दिवाळीला निघणार. मुद्रितं माझ्या टेबलावर आहेत आणि मी सप्टेंबरात निवृत्त होते आहे. दोन्ही गोष्टींचा मंडळाला सारखाच आनंद झालेला दिसतो. जागा कमी पडते म्हणून मंडळाने ठराव केला, की ज्या चिठ्ठ्या 'अग्राह्य' म्हणून बाजूला काढल्या गेल्या त्या २९ जूनला रद्दीत द्यायच्या. माळ्यावर अशी एकच पेटी आहे. तुझी.

काल मी शिडी लावून वर गेले. गेनबा खालून ओरडत होता, की शिपाई असताना बाईंनी कशाला चढायचं. पेटी उघडली तर सगळं जसंच्या तसं आहे. वहीच्या पानाच्या पाव आकाराच्या दोन हजार तीनशे चिठ्ठ्या. वर शब्द, मध्ये तो जिथे सापडला ते वाक्य, खाली ग्रंथ आणि पान, आणि उजव्या कोपऱ्यात तुझं 'क. ज.'. सात वर्षं तू जुन्या पोथ्या, पत्रव्यवहार आणि पोवाडे यांतून एकेक शब्द वेचलास. यातले अर्ध्याहून जास्त शब्द दुसऱ्या कोणी टिपलेले नाहीत. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मुद्रितांत ते नाहीत.

ठरावात एक पळवाट आहे. संबंधित व्यक्तीने लेखी खुलासा केला तर चिठ्ठ्यांचा पुनर्विचार करता येईल. तू दोन ओळी लिहायच्या आहेत. १९७४ साली 'तजेला' या शब्दासाठी, बाड क्रमांक ११८ मधली म्हणून दिलेली एक चिठ्ठी नजरचुकीने गेली, त्याबद्दल दिलगीर आहे, बाकीच्या चिठ्ठ्या अस्सल आहेत. बस. संपादक म्हणून लेलेसाहेब एवढ्यावर मान डोलावतील. ती चिठ्ठी कशी आली, कोणी लिहिली, यात आता शिरायला नको. एका चिठ्ठीपायी दोन हजार तीनशे का घालवायच्या?

बिबवेवाडीला पत्र पोचायला दोन दिवस लागतात आणि चालत आलं तर एक तास. तरी मी पत्रच लिहिते आहे, यावरून काय ते समज.

सुहासिनी


१० जून १९८५

कमर,

तुझं उत्तर नाही. रमजान चालू आहे, कामं असतील, असं मी स्वतःला समजावलं. मग आठवलं, की रोजे असतानाही तू ऑफिसात कधी एक दिवस उशिरा आली नव्हतीस.

मी रोज दुपारी माळ्यावर जाते. काल 'तजेला'चा गठ्ठा सोडला. एकेचाळीस चिठ्ठ्या आहेत. मोत्याचा तजेला, तलवारीचा तजेला, नव्या पागोट्याचा तजेला, एका सरदाराच्या पत्रात आजारातून उठलेल्या मुलाच्या तोंडावरचा तजेला. एक तर मंडईतली आहे: भाजीवाली मथुराबाई, 'तजेलदार मेथी', तारखेसकट. लेलेसाहेबांनी निळ्या पेन्सिलीने शेरा मारलाय, 'कोश की भाजीबाजार?' तू त्याखाली लिहिलंयस, 'भाषा दोन्हीकडे मिळते.' तुझी हिंमत बघ.

तुझं म्हणणं मला शब्दन्शब्द आठवतं. आपण दुपारचे डबे खात होतो आणि तू म्हणालीस, "तेज अंगात असावं लागतं. झळाळी चढवावी लागते. लखलखाट कोणीही करतो, चार दिवे लावले की झालं. तजेला येतो, सुहासताई. आपण काहीच केलेलं नसताना येतो." सगळे तजेला म्हणजे टवटवी किंवा चकाकी असं धरून चालले होते. तू म्हणत होतीस, हे दोन्ही नंतरचे अर्थ. मूळ अरबी शब्द देवाचा उजेड प्रकट होण्याचा आहे आणि मराठीतही तजेला म्हणजे आधी उजेड, खुद्द उजेड. हा तिसरा अर्थ पहिला लावायचा, असा तुझा हट्ट होता.

पुरावा तुझ्याकडे एकच होता. तुझ्या आत्या, नसीमबानू फुफी, जात्यावर म्हणायच्या ती ओवी. लेखी आधार नाही म्हणून लेलेसाहेबांनी चिठ्ठी दोनदा परत पाठवली. दुसऱ्यांदा त्यांनी शेरा मारला होता, 'ही मराठी की यांच्या घरची बोली?' तू तो वाचलास, चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवलीस आणि पुढच्या शब्दाला लागलीस. मी काही बोलले नाही. मी विभागप्रमुख होते, बोलू शकले असते.

त्या महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. यांना अर्धांगाचा झटका आला होता. मी सकाळी हॉस्पिटलात, दिवसा ऑफिसात, रात्री पुन्हा हॉस्पिटलात. ईदच्या दिवशी तू शीरखुर्मा घेऊन आलीस आणि यांना चमच्याने भरवलास. यांना बोलता येत नव्हतं, पण पुढे बोलता यायला लागल्यावर पहिल्यांदा तुझी चौकशी केली. मी सांगितलं, कमरने नोकरी सोडली. चार वर्षांपूर्वी हे गेले. तोवर त्यांना तेवढंच माहीत होतं.

एक कार्ड टाक. दोन ओळी. मी मसुदा करून पाठवू का?

सुहासिनी


१५ जून १९८५

कमर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पत्त्याच्या बाजूला जास्त अक्षरं आहेत.

'मी न लिहिलेल्या चिठ्ठीचा खुलासा मी करायचा?'

मी ते घेऊन जिन्यातच बसले. वरच्या मंदाकिनीबाईंनी विचारलं, कोणी गेलं का. मी नाही म्हटलं.

ठीक आहे. ती चिठ्ठी मी लिहिली.

हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं आणि दोन खोटी पत्रं लागली. तुझ्याकडून माफीनामा मागितला तो माझ्या गुन्ह्याचा होता आणि तरी मी मसुदा करून द्यायला निघाले होते. आता वाचताना माझे कान तापतात.

कशी लिहिली ते ऐक. फुफींची ओवी मला पाठ होती. आपल्या संग्रहात बाड क्रमांक ११८ होतं. कोणा भाविकाने अभंग, ओव्या, आरत्या उतरून ठेवलेली जुनी जाड वही. कसरीने तिची चाळण केली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी उघडायला धजत नसे. मी कोरी चिठ्ठी घेतली, वर 'तजेला, उजेड', मध्ये ओवी, खाली 'बाड ११८, पान २३', आणि कोपऱ्यात 'क. ज.'. शब्द तुझा होता म्हणून तुझी आद्याक्षरं. मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं होतं, हसू नकोस. तुझा गठ्ठा सोडून मी ती मध्ये सरकवली. पाच मिनिटांचं काम.

मला वाटलं, तुला आनंद होईल. छापलेल्या कोशात तुला फुफींची ओवी दिसेल आणि तू मला विचारशील, हे कसं झालं. मग मी नुसती हसेन.

लेलेसाहेब बाड उघडून बघतील हे मला सुचलंच नाही. त्यांनी तेविसावं पान सुरीने सोडवलं. तिथे गणपतीची आरती होती.

आपलं ऑफिस कसं चालतं तुला माहीत आहे. कोणी पैसे खाल्ले असते तर चहा घेताघेता मिटवलं असतं. खोटा आधार दिला म्हणजे त्या माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद, मागच्या सुद्धा. तुला चार वाजता आत बोलावलं आणि साडेचारला तू पर्स घेऊन बाहेर आलीस. माझ्या टेबलापाशी थांबलीस. मी मान वर केली नाही. मुद्रितात बघत राहिले. पान उलटं होतं.

तू तेव्हाच ओळखलं होतंस का? आत तू माझं नाव का घेतलं नाहीस?

सुहासिनी


२० जून १९८५

कमर,

आज मंडईत अख्तरबानू भेटली. तुझी भावजय म्हणून मी ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. उद्या-परवा ईद, खजूर आणि आंबे घेत होती. मी नाव सांगितल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग माणुसकीने बोलली. मी विचारलं, कमर काय करते. ती म्हणाली, शिकवण्या घेते, आणि उरलेल्या वेळी तेच.

"तेच म्हणजे?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या लिहितात. जुन्या कॅलेंडरांचे कागद कापून. घरात बुटांची अठरा खोकी झाली आहेत. हे म्हणतात, आपा, आता कोण विचारतंय. आपा म्हणतात, शब्द विचारतो."

मी मथुराबाईच्या ओट्याला टेकून उभी राहिले. मथुराबाईची सून बसते तिथे आता. ती म्हणाली, बाई, मेथी घ्यायची नसली तर बाजूला व्हा.

अठरा खोकी. मंडळाने हाकललेली बाई अकरा वर्षं मंडळाचंच काम करते आहे, आणि ज्या बाईमुळे हाकललं तिचा निरोप समारंभ ठरतो आहे. नारळ, शाल, लेलेसाहेबांचं भाषण. 'सुहासिनीबाई म्हणजे काटेकोरपणा' हे वाक्य त्यात असणार, कारण ते सगळ्यांच्या भाषणात असतं.

मागच्या पत्रात लिहिलं, की तुला आनंद व्हावा म्हणून केलं. ते अर्धं खरं. उरलेलं सांगते. त्या दिवाळीपर्यंत 'त' विभाग बंद करायचा होता. ज्या विभागात एकही शब्द अडलेला नसेल त्याच्या प्रमुखाचं नाव प्रस्तावनेत येणार होतं. माझ्या विभागात एकच शब्द अडला होता. तू तिसरा अर्थ सोडायला तयार नव्हतीस आणि आधाराशिवाय तो घ्यायला लेलेसाहेब तयार नव्हते. घरी नवरा अंथरुणावर, डॉक्टर नीट काही सांगत नव्हते, आणि मला एवढं एक हवं होतं. छापलेलं नाव. कमर, तुझ्या फुफीची ओवी मी त्यासाठी वापरली.

२९ तारखेला नऊ दिवस आहेत. तू आता काही लिहू नकोस. लिहायचं ते मलाच लिहायचं आहे. सोमवारी मी लेलेसाहेबांपुढे जाते. हे तुला कळवते आहे ते एवढ्यासाठी, की कळवल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

ईद मुबारक लिहायचा धीर होत नाही. लिहिते. ईद मुबारक.

सुहासिनी


२५ जून १९८५

कमर,

काल गेले. लेखी कबुली नेली होती, पानभर. यज्ञेश्वर लेल्यांनी चष्मा पुसला, वाचली, घडी केली आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे?"

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "सुहासिनीबाई, मी तीस वर्षं तुमचं अक्षर वाचतो आहे. ती चिठ्ठी तुमची आहे हे मला हातात घेतल्या क्षणी कळलं होतं."

मग कमरला का काढलंत, असं मी विचारलं. ते इतक्या शांतपणे बोलले, की आधी मला त्यात काही गैर वाटलंच नाही. तुमच्या सोळा हजार चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या दोन हजार तीनशे. तुमच्या बाद केल्या असत्या तर तिसरा आणि चौथा खंड निघालाच नसता. आणि मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा तुम्ही उत्तर दिलंत.

हो. मला विचारलं होतं. हे मी तुझ्यापासून आजवर लपवलं. तुला आत बोलावण्याआधी, साडेतीनला, त्यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, ही कोणाची. तुला वाटत असेल सुहासताई नुसती गप्प बसली. मी गप्प बसले नव्हते. मी म्हणाले, "कमरजहांच्या गठ्ठ्यातली आहे. आद्याक्षरंही त्यांचीच आहेत." दोन्ही वाक्यं खरी. मी ती कामाच्या सवयीने नीट तपासून बोलले.

मी त्यांना म्हटलं, आता तरी पेटी वाचवा. चिठ्ठ्या अस्सल आहेत हे तुम्हाला अकरा वर्षं माहीत आहे. ते म्हणाले, "बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे काय हे मला माहीत आहे, तरी मी विश्वास ठेवला. त्यांनी कबुली ठेवून जायला सांगितली, मी ठेवून आले. पेटीचं विचारलं तर म्हणाले, २९ला अजून पाच दिवस आहेत, एवढी घाई कशाला.

शुक्रवारी मंडळाची बैठक आहे. तिथे सगळ्या सभासदांसमोर सांगेन. पेटी मी खाली उतरवून माझ्या टेबलाखाली ठेवायचं म्हणत होते, मग वाटलं, नियम मोडून आणखी एक गोष्ट नको. या वेळी सगळं रीतसर करायचं आहे.

तू उत्तर देऊ नकोस. पण पत्रं वाचत असलीस तर कसं कळेल मला?

सुहासिनी


२८ जून १९८५

कमर,

पेटी गेली.

काल सकाळी माळ्यावर चढले तर धुळीत तिच्या आकाराची चौकोनी जागा उरली होती. गेनबाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, बुधवारी सांजच्यालाच गेली की. सायबांनी हातगाडी बोलावली व्हती. मी म्हनलं, येकोनतीसला हाय ना? तर म्हनले, आजच ने."

बुधवार. माझ्या कबुलीनंतर दोनच दिवसांनी. पेटीत ती खोटी चिठ्ठी पण होती, माझ्या अक्षरातली. ती राहिली असती तर कोणीतरी कधीतरी विचारलं असतं, की संपादकांना हे अक्षर ओळखता आलं नाही का. मी बोलले नसते तर पेटी शनिवारपर्यंत राहिली असती. मी आधी बोलले असते, ३ जूनला, किंवा अकरा वर्षांपूर्वी, तर ती कुठेच गेली नसती. मी बरोबर मधल्या दिवशी बोलले.

मी नाना पेठेत गेले. सहा रद्दीवाल्यांकडे फिरले. सहाव्याने वहीत बघून सांगितलं, हो, जुने लहान कागद, पेटीसकट, काल रात्रीच्या ट्रकने गिरणीला गेले. कुठली गिरणी, तर तो म्हणाला, आता लगदा झाला असेल, बाई, कशाला जाता. मी त्याला म्हटलं, त्यात माझ्या मैत्रिणीची सात वर्षं होती. त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी तिथे रडले, भर दुपारी, रद्दीच्या गठ्ठ्यांत, आणि मला कसलीही लाज वाटली नाही. घरी आले तर दारात तुझं दुसरं कार्ड.

'सगळं सांगितलंत. ओवीतला अल्ला कुठे गेला ते नाही सांगितलं.'

तर हे होतं. मला वाटत होतं तू नोकरीसाठी रागावलीस. मग वाटलं, माझ्या गप्प बसण्यासाठी. लेल्यांनी तुला ती चिठ्ठी वाचायला दिली असणार आणि तू खोटं पान, खोटं बाड, काहीच पाहिलं नसशील. तू ओवी वाचलीस.

फुफी म्हणायच्या:

पहाटेच्या पारी दारी तजेला उतरला
अल्लाच्या नावानं घरी अंधार विरला

मी चिठ्ठीवर लिहिलं 'हरीच्या नावानं'. बाड अभंगांचं होतं. त्यात अल्ला दिसला असता तर लेलेसाहेबांना शंका आली असती. 'अल्लाच्या' आणि 'हरीच्या', दोन्ही तीन अक्षरी, चाल कुठे अडखळली नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. ती बाई रोज पहाटे जात्यावर बसून ज्याचं नाव घेत होती तेच मी पुसलं, आणि वर उजेडाचा पुरावा म्हणून तिचीच ओवी लावली. 'यांच्या घरची बोली' असा शेरा लेल्यांनी मारला. तुमच्या घरचं नाव काढून टाकायचं काम मी केलं, आणि मी तुमच्या घरी जेवले होते.

हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. खरंच सांगते, मी ते विसरले होते. विसरता आलं, हेच सगळ्यात वाईट आहे.

आजच्या बैठकीत बोलले. सातही सभासदांनी ऐकलं. एकाने विचारलं, मग आता काय करायचं म्हणता? मी म्हटलं, कमरजहांच्या नावावरचा डाग लेखी पुसा आणि माझ्या चिठ्ठ्या तपासा, एकूणएक. दुसऱ्याने घड्याळात पाहिलं. मुद्रितं छापखान्यात गेली आहेत. विषय तहकूब झाला. निवृत्तीची वाट न बघता मी राजीनामा तिथेच दिला, तो मात्र ताबडतोब मंजूर झाला.

कोशात 'तजेला' दोन अर्थांनी छापला जाईल. टवटवी आणि चकाकी.

सुहासिनी


३ जुलै १९८५

कमर,

रविवारी मी आले होते. चालत आले. रस्ता लांब वाटला नाही, तुमच्या दारातल्या तीन पायऱ्या लांब वाटल्या. अख्तरबानूने दार उघडलं आणि आत गेली. आतून तुझा आवाज आला, खालच्या पट्टीतला, मला ऐकू येऊ नये म्हणून नव्हे, ऐकू यावा असा. मग ती बाहेर आली आणि मान खाली घालून म्हणाली, "आपा म्हणतात, आपा घरी नाहीत."

मी म्हटलं, बरं. पाणी मागितलं, तिने दिलं, प्यायले आणि परत आले. तुझ्या जागी मीही घरी नसते.

सोमवारी सकाळी मी कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसले. महिनाभर तुझी पेटी वाचली होती, त्यातलं पुष्कळ डोक्यात होतं. म्हटलं, आठवतील तेवढ्या लिहून काढते, दोनशे, तीनशे, काहीतरी वाचेल. दुपारपर्यंत चाळीस झाल्या. एकेचाळिसावीच्या कोपऱ्यात मी सवयीने 'क. ज.' लिहिलं आणि माझा हात थांबला. पुन्हा तेच करत होते. तुझ्या नावाच्या चिठ्ठ्या, माझ्या अक्षरात, न पाहिलेल्या पानांचे आकडे टाकून. एकेचाळीसही फाडल्या.

मग ग्रंथालयात गेले. ज्या पोथ्या आणि पत्रं तू वाचली होतीस ती तिथेच आहेत, पानंही तिथेच आहेत. तुझ्या दोन हजार तीनशेतल्या बऱ्याच चिठ्ठ्या पुन्हा लिहिता येतील, कोणालाही, ज्याला डोळे आणि सात वर्षं आहेत त्याला. मला एकसष्टावं लागेल. मी सुरुवात केली आहे. कोपऱ्यात कोणाचंच नाव घालत नाही. वर 'कमरजहां यांनी प्रथम टिपलेले' एवढं लिहिते. हे लिहायला परवानगी लागत असेल तर नाही म्हण, मी खोडेन.

पण एक चिठ्ठी मला लिहिता येत नाही. फुफी सहा वर्षांपूर्वी गेल्या, हे मला अख्तरबानूने मंडईत सांगितलं होतं, मी तुला लिहिलं नाही. त्यांच्यानंतर ती ओवी दोनच माणसांना येते, तुला आणि मला. माझ्या अक्षरात ती एकदा कागदावर आली आणि खोटी झाली. आता मी ती कितीही खरी लिहिली, अल्लासकट, शपथेवर, तरी ती सुहासिनीबाईंची चिठ्ठी. शुक्रवारच्या पत्रात मी लिहिली ती सुद्धा. मीच विभागप्रमुख असते तर मीही तिच्यावर निळी पेन्सिल चालवली असती.

तुझ्या खोक्यांत ती असेल तर मी काही बोलत नाही. पण मला वाटतं नसेल. त्या दिवशी तू ती पर्समध्ये घडी करून ठेवलीस आणि मग तिचं काय झालं ते पाहिल्यावर तू ती पुन्हा कागदावर आणली नसशील. मी तुला तेवढं ओळखते, हे म्हणायचा हक्क राहिला नसला तरी.

मी रविवारी पुन्हा येईन. तू घरी नसशील. मी पाणी पिऊन परत जाईन, त्याच्या पुढच्या रविवारी येईन. मला भेटू नकोस, मला माफ करू नकोस, कोशाला काही देऊ नकोस. फक्त ती ओवी एकदा तुझ्या हाताने लिही, कमर. तारीख घाल, फुफींचं पूर्ण नाव घाल आणि खोक्यात ठेव. कोणी माझ्याकडून ऐकली तर तो म्हणेल ही बाई खोटं सांगते आहे, आणि त्याचं बरोबर असेल.

सुहासिनी